चुलीच्या धुराड्यापाशी गळतं? मृगाआधी शोधा आणि नीट बंद करा

विदर्भात गावाकडच्या घरात पावसाळ्याचं पहिलं पाणी बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच पडतं, तेही चुलीच्या पाइपापाशी. सगळ्या छपराला आपण स्वतःहून पाडलेलं भोक तेवढं एकच असतं, मग पाणी दुसरीकडे कशाला जाईल? २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरोघरी आलं खरं, पण आंघोळीचं पाणी, भाकरी, ढोरांचं खाणं शिजवणं हे अजून चुलीवरच चालतं. म्हणून धुराडंही छपरावर उभं आहे आणि दर जूनमध्ये त्याच्याखाली गंज, म्हणजे पातेलं, ठेवणंही सुरू आहे.

यावर गावोगाव एकच इलाज दिसतो: पाइपाभोवती सिमेंटचा गोळा थापायचा. पुढच्या वर्षी त्याला भेग पडते, मग त्यावर दुसरा गोळा. काही घरांवर हा गोळा इतका वाढलेला असतो की त्याच्या वजनानं खालचा टिन बसतो, तिथे खळगा होतो आणि पाणी उलट तिथेच साचतं. सिमेंट वाईट नाही, पण ही जागा त्याची नाही. चूल पेटली की पाइप तापतो आणि लांबतो. लोखंडाचा दोन मीटर पाइप दीडशे अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि चूल विझली की तेवढाच आखडतो. दहा फुटी टिनाचा पत्रा मे महिन्यातल्या दुपारी आणि पहाटे यांच्यातल्या ४० अंशांच्या फरकानं दीड मिलिमीटर सरकतो. दोघांच्या मधोमध घट्ट बसलेलं सिमेंट ताणलं जात नाही, ते सुटतं. शिवाय ओलं सिमेंट जस्ताचा थर खातं आणि नंतर त्या फटीत ओल धरून ठेवतं. दोन-तीन वर्षांनी गोळा उपटला तर खालचा टिन चाळणी झालेला सापडतो.

कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर आठवा. त्यात कुठेही चिकटवलेलं काही नसतं. वरचं कवेलू खालच्यावर चढलेलं असतं, पाणी घसरत वळचणीला जातं, संपलं. धुराड्याचं कामही असंच करायचं असतं: फट बुजवायची नाही, फटीच्या वरून पाणी न्यायचं. पुढे जे सांगतो ते टिन, कवेलू, स्लॅब या तिन्ही छपरांसाठी आहे, पण मूळ रीत हीच.

पाणी नक्की कुठून येतं ते आधी पाहा

वर चढायच्या आधी खाली बसून दोन-तीन पावसांत नुसतं निरीक्षण करा. पावसाला सुरुवात होताच टपटप सुरू झाली तर वर सरळ उघडी फट आहे किंवा टोपी गेलेली आहे. अर्ध्या तासानं सुरू झाली तर पाणी कुठेतरी साचून, पत्र्यावर पत्रा चढतो त्या चढणीखालून मुरत येतंय. पाऊस थांबून दोन तास झाले तरी थेंब पडत असेल तर स्लॅब किंवा भिंत पाणी पिऊन बसली आहे. आणि फक्त वारा-वावधान असतानाच गळत असेल तर टोपी अरुंद आहे, आडवा पाऊस आत शिरतो.

मग चुलीतली राख पाहा. राख ओली, पाइपाची बाहेरची बाजू कोरडी असेल तर पाणी पाइपाच्या तोंडातून येतंय, छपराचा काही दोष नाही. राख कोरडी आणि पाइप बाहेरून ओला असेल तर छपराच्या भोकापाशी गडबड. खात्रीसाठी चूल थंड असताना पाइपाला छपराच्या लगेच खाली सुती चिंधीचं एक कडं घट्ट बांधा. पावसानंतर कडं भिजलेलं निघालं तर पाणी पाइपावरून उतरतंय. कडं कोरडं आणि तरी जमिनीवर पाणी, तर ते छपराखालच्या बल्लीवरून (आडव्या लाकडावरून) किंवा लोखंडी अँगलवरून चालत येतंय. मूळ जागा पाइपापासून चार-पाच फूट वर, आढ्याकडे असू शकते. चिंधी चूल पेटवायच्या आधी आठवणीनं सोडा.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात सगळेच फसतात. श्रावणात एखाद्या घरी सून म्हणते, "आत्या, आभाळ तं साफ हाय, मंग हे काळं पाणी कुठून येऊन राह्यलं?" आत्याबाई वर बोट दाखवतात, "टिन फुटला असंल बाई, मिस्त्रीले बलाव." मिस्त्री येतो, सिमेंट थापतो, पैसे घेऊन जातो आणि काळं पाणी येतच राहतं. हे पावसाचं पाणी नाहीच. एक किलो वाळलेलं लाकूड जळलं तरी त्यातून साधारण अर्धा लिटर पाणी वाफ होऊन धुरासोबत वर जातं. लाकूड ओलं असलं तर त्याच्यातलं पाणी वेगळं. छपराच्या वर उघड्यावर असलेला पाइप पावसाळी हवेत थंड असतो. वाफ तिथे गार होऊन थेंब धरते, काजळीत मिसळते आणि पाइपातून खाली ओघळते. ओळखायचं कसं? रंग चहाच्या काढ्यासारखा ते काळा, बोटाला चिकट, वास जळक्या डांबराचा. पावसाचं पाणी पातळ असतं, फार तर गंजाचा तांबूस रंग घेतं. बोट लावून वास घेतला की निम्मा निकाल तिथेच लागतो.

चूल विझवून पाइप पूर्ण गार झाला की दुपारी बारा-एकच्या उन्हात स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. छपरात जिथे जिथे भोक आहे तिथून कवडसा उतरेल. प्रत्येक कवडशाशी आतून कोळशानं खूण करा आणि ती खूण वळचणीपासून व बाजूच्या भिंतीपासून किती फूट आहे ते मोजून लिहून ठेवा. वर गेल्यावर सगळा टिन सारखाच दिसतो, हे माप असलं तरच जागा सापडते.

मुरणाऱ्या गळतीला कवडसा नसतो. तिथे पाणी ओतून पाहावं लागतं. एक जण वर, एक जण खाली टॉर्च घेऊन. वरच्यानं पाइपाच्या खालच्या अंगापासून सुरुवात करायची: आधी वळचणीकडची बाजू, मग डावी-उजवी, मग पाइपाच्या वरची आढ्याकडची बाजू, सगळ्यात शेवटी टोपी. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि खालच्याची हाक येईपर्यंत पुढे सरकू नका. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. संशय दोन जागांवर असेल तर एका जागेच्या पाण्यात कपड्यांची निळ घाला. खाली निळं पडलं की वाद मिटला.

वर चढताना

टिनावर पाय ठेवायचा तो स्क्रूच्या ओळीवर, कारण खाली बल्ली तिथेच असते. त्याहून बरं म्हणजे लांब फळी आडवी टाकून तिच्यावरून वावरणं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर फळीशिवाय चढूच नका. ते पत्रे वरून धडधाकट दिसतात आणि पायाखाली एकदम फुटतात. शिडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सर्व्हिस वायर कुठून येते ते पाहून लावा, आणि घरात मेन स्विच बंद करा. टिनाला वायर घासून करंट उतरल्याच्या घटना गावात काही नवीन नाहीत. आभाळ गडगडत असेल तर काम उद्यावर. मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ हीच वेळ. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर असतो तेव्हा दुपारी टिनाला हात लावला तर फोड येतो. कवेलू उचलताना हातमोजे घाला, खाली विंचू बसलेले असतात. आणि वर्षभर न वापरलेल्या धुराड्याच्या टोपीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, हे शिडीवर चढायच्या आधी खालूनच पाहून घ्या.

पाइप आणि छपराचे पत्रे करड्या रंगाचे, सिमेंटसारखे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता मोठी. १९८० च्या दशकात सुधारित चुलींच्या सरकारी कार्यक्रमात असेच पाइप बऱ्याच ठिकाणी बसले. जागच्या जागी, न फुटलेले असतील तर राहू द्या. पण त्यांना करवत, ग्राइंडर, ड्रिल लावू नका आणि कोरडे घासू नका. त्यांची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाचं कारण ठरते. काढायचाच असेल तर आधी पाण्यानं भिजवा, न फोडता अख्खा उतरवा, तोंडाला नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावा, आणि तुकडे गोठ्यात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकू नका.

टिनाचं छप्पर

सध्या गावांत सगळ्यात जास्त छपरं टिनाचीच आहेत. वानरांनी कवेलू फोडून फोडून लोकांना टिनावर आणलं म्हणा. म्हणून हे काम सविस्तर सांगतो.

नेहमीची पद्धत अशी: टिनात छिन्नीनं भोक, त्यातून पाइप, भोवती डांबर किंवा सिमेंट. डांबराचं तर विचारूच नका. ते उन्हात पातळ होऊन वळचणीपर्यंत ओघळतं, थंडीत तडकतं, आणि तापल्या पाइपाशी पेटूही शकतं. दुकानात मिळणारं मळून लावायचं सीलही गरम पाइपावर फार दिवस राहत नाही.

खरं काम एका जास्तीच्या टिनाच्या तुकड्याचं आहे. छपराला जो पन्हाळी टिन आहे त्याच नमुन्याचा, त्याच पन्हाळीचा तुकडा आणा. सपाट पत्रा नको, तो पन्हाळीवर बसत नाही आणि बाजूनं पाणी आत घेतो. तुकड्याची लांबी पाइपाच्या खाली एक फुटापासून थेट आढ्यापर्यंत. रुंदी इतकी की पाइपाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन पन्हाळ्या झाकल्या जातील. आढं फार लांब असेल तर वरच्या टिनाच्या सांध्यापर्यंत न्या, पण तुकड्याचं वरचं टोक वरच्या टिनाच्या किंवा आढ्याच्या टोपणाच्या खालीच सरकलं पाहिजे, किमान सहा इंच. खालचं टोक मात्र जुन्या टिनाच्या वर. हे उलटं झालं तर सगळं मुसळ केरात. वरून येणारं पाणी तुकड्यावर उतरतं, पाइपाला वळसा घालतं आणि खालच्या टिनावर पडतं. जुन्या भोकापर्यंत ते पोचतच नाही.

या तुकड्याला पाइपाच्या जागी एक गळा हवा. गळा म्हणजे २४ गेजच्या पत्र्याची सहा इंच उंच नळी. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे दुकानात लक्षात ठेवा. २८ गेज स्वस्त पडतो आणि लवकर सडतो. पाइप चार इंची असेल तर गळा सहा इंची, म्हणजे चारही बाजूंनी एक इंच मोकळी जागा. टिनाच्या कोठ्या आणि पेट्या बनवणारा कारागीर हे तासाभरात करून देतो: नळीच्या खालच्या कडेला कात्रीनं जिभा पाडायच्या, त्या बाहेर वाकवून टिनाला खालून रिव्हेट मारायचे आणि सांधा झाळून घ्यायचा. छप्पर उतरतं असल्यामुळे टिनातलं भोक गोल नसतं, लांबट अंडाकृती असतं. म्हणून नळी आधी ओळंब्यात धरून खूण करा, मगच कापा. गळा छपराला काटकोनात बसवला तर त्यातून पाइप वाकडा जाईल आणि एका बाजूला चिकटेल.

आता पाइपावर, गळ्याच्या वर, छत्री. ही पत्र्याची शंकूसारखी पट्टी असते, पाइपाला नट-बोल्टच्या पट्ट्यानं आवळलेली. तिची कड गळ्याच्या बाहेर दीड-दोन इंच येते आणि गळ्याच्या तोंडापेक्षा इंचभर खाली लोंबते, पण गळ्याला टेकत नाही. छत्री आणि पाइप यांच्या वरच्या सांध्यात तेवढं उष्णता सहन करणारं लाल सिलिकॉन भरायचं, पाइप कोरडा आणि काजळी खरवडून स्वच्छ केल्यावर. सगळ्या कामात चिकटवायची जागा हीच एक. पाइप गळ्यात मोकळा वर-खाली होतो, छत्री त्याच्यासोबत हलते, पाणी बाहेर पडतं. चिकटपणावर भिस्त नसल्यामुळे हे काम वर्षानुवर्षं टिकतं.

स्क्रू मारायचे ते पन्हाळीच्या उंचवट्यावर, खळगीत नाही; खळगीतून पाणी वाहतं. स्क्रूखालचं काळं रबरी वॉशर किंचित फुगेल इतकंच आवळा. ड्रिलच्या जोरात वॉशर चेपून फाटतं आणि नवंच छप्पर गळायला लागतं. वर चढलाच आहात तर आजूबाजूचे जुने स्क्रूही पाहून घ्या. वॉशर कडक होऊन तडकलेलं असेल तर स्क्रू बदला. "पाइपापाशी गळते" अशी तक्रार असलेल्या घरात कित्येकदा दोष पाइपाच्या वरच्या ओळीतल्या एखाद्या स्क्रूचा निघतो. पाणी बल्लीवरून उतरून पाइपाशी येऊन टपकतं आणि नाव धुराड्याचं होतं.

पाइपाच्या आढ्याकडच्या बाजूला कडुनिंबाचा पाला, चिंचेच्या शेंगा, पतंगाचे कागद अडकून धरण बनतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि पोळ्याच्या आसपास एकदा हे झाडून घ्या. नवं धुराडं बांधायचं असेल तर चूलच अशा जागी मांडा की पाइप आढ्याच्या जवळून बाहेर येईल. वर छप्पर कमी, म्हणजे येणारं पाणीही कमी. वळचणीजवळून काढलेल्या पाइपावर सगळ्या पाख्याचं पाणी आदळतं.

लाकूड, बांबू, तुराट्या, ताडपत्री, प्लास्टिकचं फॉल्स सीलिंग हे पाइपाजवळ येऊ देऊ नका. उघड्या एकेरी पत्र्याच्या पाइपासाठी दीड फूट अंतर सुरक्षित धरतात. बल्ली त्याहून जवळ असेल तर मधे एक पत्रा उभा करा, पण तो बल्लीला चिकटवून नको; दोघांत इंचभर हवा खेळली पाहिजे.

कवेलूचं छप्पर

इथे पत्र्याची सपाट प्लेट चालते, मधे तोच गळा झाळलेला. प्लेटच्या वरच्या अंगावर वरची दोन ओळींची कवेलू चढतात, प्लेटचं खालचं अंग खालच्या कवेलूंवर पसरतं आणि दोन्ही बाजूंच्या कडा इंचभर वर वाकवलेल्या असतात, म्हणजे पाणी बाजूनं ओसंडत नाही. गावठी अर्धगोल कवेलू असतील तर प्लेट थोडी पन्हाळीसारखी वाकवून घ्या. मंगलोरी असतील तर पाइपाभोवतीची कवेलू कापताना फुटतात, म्हणून आठ-दहा जास्तीची आणून ठेवा. कवेलू फेरायला माणसं येतात त्याच दिवशी हे काम उरकलं तर वेगळी मजुरी लागत नाही. गडचिरोली-गोंदियाकडे वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिकडे कवेलूंची चढण जरा जास्तच ठेवावी. बुलढाणा-अकोल्याच्या ७००-८०० मिलिमीटरला जे खपतं ते तिथे खपत नाही.

कवेलूच्या घरात पाइप हलण्याचं मोठं कारण वानर. त्यांची टोळी छपरावरून जाताना धुराड्याला धरून उडी मारते. पाइप हलला की प्लेटही हलते. त्यावर तारेचे तीन ताण, तीन दिशांना, पाइपाच्या पट्ट्याला बांधलेले, हाच उपाय. दोनच ताण दिले तर पाइप तिसऱ्या बाजूला झुकतो.

स्लॅबचं घर

स्लॅबवर सिमेंट चालतं, कारण स्लॅब स्वतः सिमेंटचा आहे. चालत नाही ते सिमेंट थेट गरम पाइपाला चिकटवणं. भोकाच्या कडेनं इंचभर खोल खाच छिन्नीनं मोकळी करा, सुटं सगळं काढा, पाण्यानं धुवा. पाइपापेक्षा दोन इंच मोठा लोखंडी पाइपाचा तुकडा भोकात उभा करा, स्लॅबच्या वर सहा-आठ इंच येईल असा. एकास तीन सिमेंट-वाळूचा माल, त्यात वॉटरप्रूफिंगचं दूध, हे या बाहेरच्या तुकड्याभोवती भरा आणि वर सहा इंच उंच छोटा ओटा उभा करा. ओटा आणि स्लॅब यांचा कोपरा काटकोनात ठेवू नका, गोलाई द्या. काटकोनात पाणी बसतं आणि पहिली भेग तिथेच पडते. सात दिवस ओलं पोतं गुंडाळून पाणी मारा. मे महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा मारावं लागतं, नाहीतर माल घट्ट व्हायच्या आधीच वाळून भुगा होतो. पूर्ण वाळल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मधे जाळी. चुलीचा पाइप या बाहेरच्या तुकड्यातून मोकळा वर जातो आणि त्यावर टिनासारखीच छत्री.

तपासायला ओट्याभोवती मातीचं आळं करून त्यात रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी खाली ओल नसेल तर काम झालं.

पाइप भिंतीतून बाहेर काढला असेल तर त्याचा आडवा भाग बाहेरच्या बाजूला थोडा उतरता असतो का, एवढंच पाहा. आत उतार असेल तर पावसाचं पाणी पाइपावरून चालत घरात येतं. वळणं एक-दोनच ठेवा. जास्त वळणांनी धूर ओढला जात नाही.

गॅसवरच्या इलेक्ट्रिक चिमणीचंही हेच. तिची अ‍ॅल्युमिनियमची नळी भिंतीबाहेर खाली तोंड करून, जाळी आणि झडपेसकट संपली पाहिजे. पाणी मोटरवर टपकत असेल तर आधी प्लग काढा.

टोपी आणि सांधे

टोपी नसलेल्या पाइपातून पाऊस सरळ चुलीत पडतो. टोपी फार खाली बसवली तर धूर घरात फिरतो आणि घरच्या बायका कंटाळून ती काढून फेकतात. चार इंची पाइपासाठी आठ-दहा इंच रुंद टोपी, पाइपाच्या तोंडापासून तीन-चार इंच वर. काजळीनं मोकळी जागा भरत जाते म्हणून थोडी जास्तच ठेवा. पाइपाचं तोंड आढ्याच्या वर किमान दोन फूट असावं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, शेजारचं घर, गच्चीवरची टाकी, त्याच्याही वर दोन फूट. नाहीतर वारा वरून दाबतो, धूर उलटतो आणि आडवा पाऊस टोपीखालून आत ढकलला जातो.

पाइपाच्या सांध्यात एक पेच आहे. वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून बसवला तर पाऊस बाहेर घसरतो, पण आतलं काळं पाणी सांध्यातून बाहेर येतं आणि भिंत रंगवतं. वरचा पाइप खालच्याच्या आत बसवला तर काळं पाणी आतच राहतं, पण छपराच्या वर असा सांधा असेल तर पाऊस त्यात शिरतो. म्हणून घरातले सांधे आत बसणारे करा आणि छपराच्या वर सांधाच ठेवू नका. गळ्याच्या खालपासून टोपीपर्यंत एकच अखंड पाइप घ्या. थोडे पैसे जास्त लागतात, पण कटकट जाते.

काळ्या पाण्यावर इलाज सरपणात आहे. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराट्या, गोवऱ्या मृगाआधी कोरड्या जागी रचा, वर टिन टाका, खाली दगड किंवा विटा. ओली पऱ्हाटी जाळली तर धूर दुप्पट, उष्णता निम्मी आणि पाइपात काढाच काढा. पाइपाच्या तळाशी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून त्याच्या खालच्या तोंडाला झाकण लावलं तर काळं पाणी तिथे जमा होतं आणि तिथूनच काजळीही झाडता येते. चूल रोज पेटत असेल तर महिन्यातून एकदा पाइप झाडा; लांब बांबूला पोत्याचा बोळा बांधला तरी पुरतो. काजळीचा थर जाड झाला की तो पेटतो आणि धुराड्यातून भडका निघतो, मग गळतीची चिंता मागे पडते.

पाइप गंजून भोकं पडली असतील तर पाण्याआधी धूर आत येतो. पेटत्या चुलीशी प्रत्येक सांध्याजवळ अगरबत्ती धरा. धूर सांध्याकडे ओढला गेला तर तिथे फट आहे, पण धुराडं चांगलं ओढतंय. सांध्यातून चुलीचाच धूर बाहेर येत असेल तर पाइप वर कुठेतरी तुंबला आहे. चूल विझवा, दारं उघडा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. गळती थांबवायच्या नादात पाइपाच्या तोंडावर पोतं किंवा पिशवी बांधून ठेवणारे आहेत. उन्हाळ्यात बांधली असेल तर खाली चुलीवर खूण ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगा.

भर पावसात गळायला लागलं तर

सिलिकॉन, सिमेंट, पट्ट्या यांतलं काहीही ओल्या पत्र्यावर धरत नाही. दुकानदार "पाण्यातही चिकटते" म्हणेल, पण तापणाऱ्या पाइपाशी त्याचा काही उपयोग नाही. रात्री वर चढू नका. चूल विझवा आणि पाइपाला छपराच्या खाली वीतभर अंतरावर बारीक तार गुंडाळून तिचं टोक बादलीत सोडा. पाइपावरून येणारं पाणी तारेवरून उतरतं आणि जमीन, भिंत, डबे कोरडे राहतात. स्विच बोर्ड जवळ असेल तर त्या खोलीचा फ्यूज काढा.

पाऊस उघडला, पत्रा सुकला की पाइपाइतकी खाच पाडलेला टिनाचा तुकडा आढ्याच्या बाजूनं पाइपाला मिठी मारेल असा वरच्या टिनाखाली सरकवा आणि विटेनं दाबून ठेवा. रबरी ट्यूबची पट्टी पाइपाला आवळायची असेल तर ती चूल बंद असेपर्यंतच. पेटवायच्या आधी काढा, वितळून पाइपाला चिकटली तर नंतर खरवडावी लागते. दसऱ्यापर्यंत एवढ्यावर निभतं. गळा-छत्रीचं काम कोरड्या दिवसात करा, आणि लगीनसराईत टिनाचे कारागीर मिळत नाहीत म्हणून त्यांना फेब्रुवारीतच सांगून ठेवा.